एक टॅब, बावीस मुले

प्रश्न : वाईजवळच्या आमच्या शाळेत चौथीच्या बावीस मुलांना एकच टॅब आहे. मुले चित्रफिती नुसती पाहत बसतात. काय करावे? – एक शिक्षिका

उत्तर : परितेवाडीच्या (जि. सोलापूर) शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली व 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे सर्वश्रुत आहे, परंतु कोड उघडून चित्रफीत पाहणे ही अध्ययनाची केवळ पहिली पायरी होय. आपण मुलांना टॅबसह वाईत कृष्णेच्या घाटावर न्यावे, ढोल्या गणपतीच्या देवळाची नदीकडील निमुळती भिंत त्यांच्याच हातून टिपवावी, आणि ती अशी का बांधली असावी याविषयीचे त्यांचे तर्क, चुकीचे असले तरी, त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करवावेत. पुराचे पाणी दुभंगावे म्हणून, हे उत्तर सांगण्याची घाई मात्र करू नये. (आम्हा शिक्षकांना ही घाई फार!) चार-पाच जणांच्या तुकड्या करून टॅब हाताळण्याची पाळी रोज बदलावी, अन्यथा धीट मुलाचीच त्यावर वहिवाट लागते. पुढे शंकानिरसनासाठी मराठी विश्वकोश आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहे. त्याचे कार्यालय तर आपल्या वाईतच. भाषा मुलांना जड वाटेल, तेव्हा नोंद आपण सोबत बसून वाचावी.