पिकअप ट्रकचें ओझें व विजेचा हातभार

ओझ्यानें भरलेली बैलगाडी चिखलांत रुतली म्हणजे गाडीवान खालीं उतरून चाकाला खांदा देतो. गाडी हलली कीं तो बाजूस होतो. पुढील वाट बैलांनींच ओढावयाची असते. पिकअप ट्रकमधील ‘माइल्ड हायब्रिड’ योजनेचें कार्य बहुतांशीं असेंच आहे.

युरोपांत २०२४ सालीं विक्रीस आलेली ४८ व्होल्टची टोयोटा हायलक्स उदाहरणादाखल घेऊं. तिच्या २.८ लिटर डिझेल इंजिनास पट्ट्यानें एक लहान मोटर-जनित्र जोडलेलें आहे. वेग कमी करतांना वायां जाणारी कांहीं ऊर्जा तें विजेच्या रूपानें सांठवितें, आणि गाडी निघतांना १२ किलोवॅटपर्यंत शक्ति इंजिनाच्या मदतीस देतें. बॅटरीचें वजन अवघें ७.६ किलोग्रॅम!

मग ही गाडी अधिक ओझें ओढील काय? ‘हायब्रिड’ हा शब्द ऐकून पुष्कळांचा तसा समज होतो. परंतु कंपनीनें ठरविलेली मर्यादा पूर्वीचीच आहे : ब्रेक असलेला ट्रेलर ३,५०० किलोग्रॅम, व गाडीवरील भार सुमारें एक टन.

ह्याचें कारण विद्यार्थ्यांनीं स्वतः गणित करून पाहावें. बॅटरीची क्षमता ४.३ अँपिअर-तास आहे. तिला ४८ नें गुणल्यास सुमारें २०६ वॅट-तास, म्हणजे ७,४३,००० ज्यूल होतात. गाडी व ट्रेलर मिळून ५,५०० किलोग्रॅम धरा. घर्षण मुळींच नाहीं असें मानलें, तरी एवढ्या ऊर्जेनें तें ओझें १४ मीटरही वर चढणार नाहीं. उरलेला सारा घाट इंजिनानेंच चढावयाचा! शिवाय ओझ्याची मर्यादा केवळ इंजिनावर ठरत नाहीं. ब्रेक, स्प्रिंगा, आंस, सांगाडा व इंजिन थंड ठेवण्याची सोय हीं सर्व तींत येतात, आणि मोटरनें ह्यांपैकीं एकही बळकट होत नाहीं. उलट नव्या यंत्राचें वजन, थोडें कां होईना, गाडीलाच वाहावें लागतें.

गाडी विकत घेणाऱ्या पालकांनीं आणखी एक हिशेब ध्यानांत ठेवावा. ट्रेलरच्या वजनाचा कांहीं भाग जोडणीच्या आंकड्यावर पडतो, व तो गाडीच्या भारांतच मोजावा लागतो. तो दहावा हिस्सा धरल्यास ३,५०० किलोग्रॅमच्या ट्रेलरचे ३५० किलोग्रॅम गाडीवर आले. चालकाखेरीज चार माणसें बसलीं, त्यांचे ३०० धरा. हजारांतून मालासाठीं उरले ३५० किलोग्रॅम. मग बॅटरी असो वा नसो.