भाड्याच्या वखारीतील माल व अग्निभय

नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो; एक हिंगोलीकडे व दुसरा उमरखेड-यवतमाळकडे जातो. अशा नाक्यावर भाड्याची वखार सोयीची खरी. परंतु माल ठेवताना आपण भाडे, तोल व कुलूप एवढेच पाहतो. एका पत्र्याखाली अनेक धन्यांचा माल असतो, आणि शेजारच्या गाळ्यातील डिझेलचे पीप आपल्या कुलपाने आवरत नाही.

कापसाची आग विशेष फसवी होय. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर सुमारे ८,७०० कापसाच्या गाठी व जवळजवळ १,४०० टन दारूगोळा एकत्र होता. दुपारी धूर दिसला. बंबांनी शेकडो टन पाणी ओतले, तरी विस्तवाचे मूळ सापडले नाही, व ४ वाजून ६ मिनिटांनी स्फोट झाला. आपल्या वखारीत दारूगोळा नसतो; पण गाठीच्या पोटात विस्तव तासन्‌तास धुमसतो, हे येथेही तितकेच खरे. अशी गाठ बाहेर मोकळ्यावर नेऊनच फोडावी लागते. यास्तव थप्प्या भिंतीस भिडवू नयेत, व मध्ये हातगाडी जाईल एवढी वाट सोडावी. ही वाट मालाने अडविणाऱ्या वखारवाल्यास भाडे देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरे, गाळ्यांमधील भिंत वर पाहावी. ती पत्र्याच्या हातभर खाली थांबली असल्यास तापलेला धूर पत्र्याखालून पलीकडे पसरतो. मग भिंत असून नसल्यासारखीच. ती विटांची असावी व पत्र्यापर्यंत नेऊन फटी बुजविलेल्या असाव्यात. विजेचे मुख्य बटण दाराबाहेर असावे, आणि पोती दिव्यास लागू देऊ नयेत.

धान्यात किडीसाठी ठेवलेल्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांवर पाणी पडल्यास विषारी वायू सुटतो, व तो आपोआप पेटूही शकतो. कोणत्या गाळ्यात गोळ्या आहेत हे दारावर लिहावे व बंबवाल्यांस आधी सांगावे. सोयाबीन भिजून फुगले म्हणजे भिंतीस रेटते. त्या भिंतीलगत कोणी उभे राहू नये.

आमचा जन्म दप्तरात गेल्याने कागद पाहण्याची खोड आहे. पावतीवर तारण कर्ज उचललेला माल जळाला तरी कर्ज उरते. वखारवाल्याचा विमा केवळ इमारतीचा आहे की ठेवलेल्या मालाचाही, हे पोते उतरविण्यापूर्वी वाचून घ्यावे, व त्या कागदाची नक्कल मागून घ्यावी.