एएलएस : आतड्यातले जिवाणू आणि तोंडाची निगा

‘वडिलांना एएलएस आहे. हा आजार पोटातल्या जिवाणूंमुळे होतो असं ऐकलं. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल सुरू करू का?’ असं विचारणाऱ्या मुलामुलींची धडपड मला कळते. पण त्या कॅप्सूलवर पैसे घालू नका.

एएलएस हा मोटर न्यूरॉनचा सर्वाधिक आढळणारा आजार. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरतात. जिवाणूंचा धागा आला तो इस्रायलच्या वाइझमन संस्थेतून. 2019 साली तिथल्या संशोधकांना दिसलं, की या आजाराचं जनुक असलेल्या उंदरांना अ‍ॅकरमॅन्सिया हा आतड्यातला जिवाणू दिला की ते जास्त दिवस जगतात; इतर काही जिवाणूंनी मात्र त्यांचा आजार बळावतो. अ‍ॅकरमॅन्सियामुळे निकोटिनामाइड, म्हणजे बी-3 जीवनसत्त्वाचंच एक रूप, वाढतं. त्यांनी 37 रुग्णही तपासले. त्यांच्या आतड्यातले जिवाणू घरच्या निरोगी माणसांपेक्षा वेगळे निघाले. मात्र त्या फरकामुळे आजार झाला, की आजारात खाणंपिणं, हालचाल बदलल्यामुळे फरक पडला, हे यावरून ठरत नाही. उंदराला लागू पडलेलं माणसाला लागू पडतंच असंही नाही.

तोंडातल्या जिवाणूंबाबतही तोच पेच आहे. हातातली ताकद गेली की दात नीट घासले जात नाहीत, गिळणं मंदावलं की लाळ साचते, जिवाणू बदलणारच. पण इथे तुमच्या हातात खूप काही आहे. ठसका लागून ही जिवाणूंनी भरलेली लाळ फुप्फुसात उतरली की न्यूमोनिया होतो, आणि या रुग्णांच्या जिवाला त्याचा मोठा धोका असतो.

म्हणून रुग्णाला ताठ बसवा, मान किंचित पुढे. मऊ ब्रश, वाटाण्याएवढी, कमी फेसाची पेस्ट. चूळ भरता येत नसेल तर ओल्या गॉझने जीभ, गाल, हिरड्या पुसून घ्या. कवळी रात्री काढून स्वच्छ करा. नळीतून अन्न चालू असलं तरी यात खंड नको; तोंडाने खात नाही म्हणून तोंड विसरलं जातं, हे मी फार पाहते.

जिवाणू ‘सुधारण्यासाठी’ उपास किंवा पथ्यं तर अजिबात नकोत. या आजारात वजन घटणं घातक. जेवताना ठसका लागू लागला, आवाज ओलसर झाला किंवा वजन उतरलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.