सगळ्या उतारांना एकच स्की?

प्रश्न : महाड-पोलादपूरकडचे गड नेहमी चढतो. गुलमर्गला स्कीइंगचा प्राथमिक कोर्स केला. आता स्वतःची ऑल-माउंटन स्की आणि बाइंडिंग घ्यायचं म्हणतोय. काय पाहू?
– एक वाचक, पोलादपूर

उत्तर : आधी बूट घ्या. बूट ढिला असेल, तर महागडी स्कीही नीट वळत नाही.

स्कीची मधली रुंदी ८५ ते ९५ मिलिमीटर ठेवा. दाबलेल्या बर्फावर अरुंद स्की चटकन वळते, गुलमर्गच्या अफरवट शिखरावरच्या ताज्या, भुसभुशीत बर्फात रुंद स्की तरंगते. तुम्हाला दोन्ही हवं आहे. उभी धरल्यावर ती हनुवटी ते नाक यांदरम्यान यावी.

बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगमध्ये तडजोड नको. त्याचा ‘डिन’ आकडा, म्हणजे किती जोर पडल्यावर बूट सुटेल ते, वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून ठरतो. तो फार कमी असला तर स्की धावतानाच सुटते; फार जास्त असला तर पडतानाही सुटत नाही आणि पाय मोडू शकतो. तुमचा आकडा ६ येत असेल, तर ३ ते १०चं बाइंडिंग पुरे. बुटाचा तळ ‘ग्रिपवॉक’ (चालायला सोपा) प्रकारचा असल्यास बाइंडिंगही त्याला चालणारं हवं. जोडणी तंत्रज्ञाकडूनच करून घ्या.

वर्षातून एकदाच जाणार असाल, तर बूट विकत घ्या, स्की भाड्याने. तरीही स्की घेतलीत, तर लक्षात ठेवा, कोकणातल्या पावसाळ्यात पोलादी कडा गंजतात. मोसम संपला की स्की कोरडी करून तळाला आणि कडांना जाड मेण लावा व कोरड्या खोलीत ठेवा.