हवा, दट्ट्या आणि वंगण

तंजावरचे राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या संग्रहात ग्रंथ व हस्तलिखिते यांच्या जोडीला एक वातपंपही होता, अशी नोंद त्यांच्या दरबारी आलेल्या युरोपीय पाहुण्यांनी केली आहे. त्या काळच्या वातपंपात पितळी नळकांड्यातून दट्ट्या वरखाली होई आणि त्याच्याभोवतीचे चामडे तेलात भिजवलेले असे. हे तेल घर्षण कमी करी, शिवाय फट बुजवून हवा अडवी. जहाजावरील कॉम्प्रेसरचे कार्य याच्या उलट. वातपंप हवा काढून घेतो, कॉम्प्रेसर ती दाबून भरतो. परंतु तेलाची दोन्ही कामे तीच.

मोठ्या जहाजाचे डिझेल एंजिन बहुधा दाबलेल्या हवेने सुरू करतात. ही हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० किलोग्रॅम दाबाने टाक्यांत साठवलेली असते.

तेल घालण्यापूर्वी कॉम्प्रेसर थांबवून तो आपोआप सुरू होणार नाही अशी तजवीज करावी. कारण टाकीतील दाब उतरताच असे यंत्र कोणाची वाट न पाहता चालू होते. मग तेल निथळू द्यावे आणि काचेवरील दोन खुणांच्या दरम्यान त्याची पातळी पाहावी. जहाज हेलकावत असेल तर एका दृष्टिक्षेपावर विसंबू नये. निर्मात्याने सांगितलेले तेलच स्वच्छ नरसाळ्यातून थोडेथोडे ओतावे.

‘थोडे जास्त असलेले बरे’ ही गृहिणीची सढळ वृत्ती येथे घातक ठरते. जादा तेल उसळून दट्ट्याच्या कड्यांवरून हवेत मिसळते आणि तापलेल्या झडपांवर जळून काजळी धरते. झडप नीट मिटेनाशी झाली की बाहेर गेलेली उष्ण हवा मागे येते, पुन्हा दाबली जाते आणि अधिकच तापते. नळांत साचलेला तेलाचा थर पेट घेऊ शकतो तो अशा वेळी. १९६० मध्ये लास पाल्मास बंदरात ‘केपटाऊन कॅसल’ या जहाजावर एंजिन सुरू करणाऱ्या हवेच्या यंत्रणेत स्फोट होऊन सात जण मृत्युमुखी पडले.

म्हणूनच किती तेल घातले, हे दरवेळी नोंदवहीत लिहितात. आठवड्याला पुरणारे तेल दोन दिवसांत संपू लागले आणि बाहेर कोठे गळती दिसत नसेल, तर ते हवेबरोबर टाकीकडे जात आहे. बहुधा कडी झिजली असावीत. याउलट, न घालताच पातळी चढली आणि तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे. तेव्हा वरून तेल ओतण्यात अर्थ नाही. सारे तेल काढून पाण्याची वाट शोधावी लागते.