चांगल्या दिवसांपासून सावध

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातलं आमचं घर बुडालं. चिखल उपसताना, पंचनाम्यासाठी धावपळ करताना मी खंबीर होते. सगळं मार्गी लागलं आणि दिवाळीनंतर मला अंथरुणातून उठवेना. मिरजेला डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं. गोळ्या आणि समुपदेशन सुरू झालं.

माझं माहेर साताऱ्याचं. तिथली हिल हाफ मॅरेथॉन धावायची, हे मी तेव्हा मनाशी धरलं. २१ किलोमीटर, त्यात यवतेश्वरच्या घाटाचा चढ.

वाईट दिवसांत खचू नकोस, असं सगळेच सांगतात. मला मात्र मागे ओढलं ते चांगल्या दिवसांनी. या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्तही. तो आला, एका सकाळी डोकं हलकं वाटलं आणि साचलेलं सगळं मी एकदम काढलं. माळा आवरला, दमछाक होईतो पळून आले, रात्री जागून शिवणाच्या ऑर्डरी संपवल्या. झोप मोडली. मग कित्येक दिवस पुन्हा तोच अंधार, आणि वर ‘आपल्याच्यानं काही होत नाही’ ही खात्री. असं वारंवार झालं.

समुपदेशक ताईंनी साधा नियम घालून दिला. आमराईत दोन फेऱ्या. उत्साह असला तरी दोनच, नसला तरी दोन. काहीच करावंसं न वाटणं हे या आजाराचं लक्षणच आहे, त्यामुळे मन लागायची वाट बघत बसलं तर ते लागत नाही. आधी पाय उचलायचे, मन मागून येतं. फेऱ्या वाढवायच्या त्या आठवड्याच्या हिशेबानं, त्या दिवशीच्या उमेदीवर नाही.

घरचे खाशाबा जाधवांचं उदाहरण द्यायचे. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, १९४८ ला लंडनमध्ये सहावा, १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक. खरंच आहे. पण त्यांना पाठवायला गावानं वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. जिद्दीच्या गोष्टी सांगताना हा भाग लोक गाळतात, आणि आजारी माणसाला एकट्यानंच जिद्द धरायला लावतात. माझ्या फेऱ्या टिकल्या त्या सासूबाई रोज चपला घालून दारात उभ्या राहायच्या म्हणून.

पुढे मी घाट चढले, बराचसा चालत. पण बरं होणं आणि शर्यत यांची गाठ मारू नका. शर्यत हुकली तरी उपचार चालूच राहिले पाहिजेत. बरं वाटू लागलं म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. सहसा त्यानंतरही निदान सहा महिने त्या घ्याव्या लागतात, आणि कमी करायच्या त्या डॉक्टरांनीच, हळूहळू.

साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ संस्था व्यसनमुक्ती आणि मनोआरोग्याचं काम करते. कुठं जायचं ते सुचत नसेल, किंवा जीव नकोसा झाला असेल, तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कुणीतरी उचलतं आणि मराठीत बोलता येतं.