शाळेच्या वजनकाट्यावर न येणारी मुले

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली समाजाची वस्ती मोठी आहे. भातकापणी आटोपून दिवाळी सरली की येथील अनेक पाड्यांवरील कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसई या भागांतील वीटभट्ट्यांची वाट धरतात. त्याच सुमारास जव्हार-मोखाड्याकडील कुटुंबे शहापूर परिसरातील भट्ट्यांवर येऊन उतरतात. त्यामुळे शालेय मुलांच्या पोषणाचा विचार करताना ‘स्थानिक’ आणि ‘स्थलांतरित’ अशी जी विभागणी केली जाते, ती येथे फारशी टिकत नाही. पावसाळ्यात स्थानिक असलेले मूल मार्गशीर्षात परगावी स्थलांतरित ठरते.

पावसाळ्यात घरचे धान्य संपत आलेले असले, तरी रान उदार असते. शेवळी, टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या आणि ओढ्यातील खेकडे-मासे ताटात येतात. घरची नाचणी असेल तर तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते जेमतेम १० मिलिग्रॅम. भट्टीवर यातले काही नसते. कुटुंबाने आधीच उचल घेतलेली असते आणि आठवड्याला हाती पडते ती ‘खर्ची’. तिच्यातून तांदूळ, मिरची, तेल-मीठ येते. डाळ परवडली तर. आईबाप पहाटेपूर्वीच विटा थापायला बसतात. सकाळच्या जेवणाची वेळ ठरलेली नसते आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम सातआठ वर्षांच्या मुलीकडे येते.

याच महिन्यांत शाळेचे जेवणही सुटते. शालेय पोषण आहारातून (२०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना) प्राथमिक वर्गातील मुलाला दररोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे १,७०० कॅलरींची धरली, तर हा तिचा चौथा हिस्सा होय. पाड्यावर राहिलेल्या मुलाला तो मिळत राहतो, गेलेल्याचा तुटतो.

या मुलांची मोजणी कशी वाचावी, हे शिक्षकांनी व आरोग्य कर्मचाऱ्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. वयाच्या मानाने कमी उंची ही बहुधा कित्येक वर्षांच्या अपुऱ्या पोषणाची खूण असते. उंचीच्या मानाने कमी वजन अलीकडच्या उपासमारीची वा आजाराची. सहा ते दहा वर्षांचे मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर उंच होते आणि दोन-तीन किलोंनी वाढते. समजा, दिवाळीपूर्वी एका मुलाचे वजन १८ किलो व उंची ११५ सेंटिमीटर होती. जूनमध्ये तो परतला तेव्हा उंची ११७ झाली, वजन मात्र १८ किलोच राहिले. नोंदवहीत ‘वजन घटले नाही’ असे लिहिले जाईल. प्रत्यक्षात वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता निर्देशांक १३.६ वरून १३.१ वर आलेला दिसतो. मूल खालावले आहे.

जानेवारीत शाळेत आरोग्य तपासणी झाली, तर हा मुलगा काट्यावर येतच नाही. मग हजर मुलांची सरासरी चांगली दिसते. आकडे खोटे नसतात. ज्यांची परिस्थिती सर्वांत नाजूक, तेच त्यांत नसतात, एवढेच.

उपाय अगदीच नाहीत असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा सोडल्याचा दाखला हाती नसला, तरी भट्टीजवळच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. आणि प्रवेश मिळाला की तेथील आहारावरही मुलाचा हक्क आला. शिधापत्रिकेवरील धान्य परगावच्या रास्त भाव दुकानातून घेण्याची सोयही आता आहे. १९९० च्या दशकात वसईच्या बाजूला विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ भरविल्या होत्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने जावे, हा विचार त्यामागे होता. अडचण आहे ती माहितीची. कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर गेले, हे पाड्यावरच्या शेजाऱ्यांना ठाऊक असते, शाळेच्या दप्तरी मात्र त्याची नोंद क्वचितच आढळते.

म्हणून वजन-उंची वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच्या आठवड्यात आणि जूनमध्ये शाळा उघडताच घ्यावी. पहिल्या मोजणीची चिठ्ठी, जंतनाशक व लोहगोळ्यांच्या नोंदीसह, पालकांजवळ द्यावी आणि भट्टीचे गाव हजेरीपटात मुलाच्या नावापुढे लिहावे.